बोट मुंबईतच आहे

ड्रोहेडा, १२ जून २०१६

अहो,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलेलं नाही. ते विसरले म्हणून नव्हे, लिहावंसं वाटलं नाही म्हणून.

पोचले. आठ दिवस झाले. फोन केला नाही, कारण तुम्हाला फोन करणं म्हणजे भिंतीशी बोलणं. तुम्ही तो कानाला लावणार, चार वेळा 'मोठ्याने बोल' म्हणणार आणि ठेवून देणार. व्हॉट्सअॅप तुम्हाला नको. म्हणून हा कागद. आठवण आली म्हणून लिहितेय असा गैरसमज नको. अनुया म्हणाली, बाबांना निदान पोचल्याचं कळव, म्हणून लिहितेय.

मी का निघून आले ते एकदा स्वच्छ लिहून ठेवते. तुम्हाला तुमच्या सोयीचं तेवढंच आठवतं. मार्चमध्ये तुम्ही कुणाला न विचारता मोटरसायकल आणलीत. वय पंचाहत्तर. बोटीवरच्या विमानांच्या आवाजाने दोन्ही कान गेलेले, घरात कुकर शिट्ट्या मारून जळला तरी पेपरातून डोकं वर येत नाही. आणि आणलीत कशासाठी, तर तुमची बोट विक्रांत मोडीत काढली, तिचं लोखंड वितळवून त्या गाडीच्या टाकीच्या पत्र्यात घातलंय म्हणून. पहिल्याच आठवड्यात भायखळ्याला बस घासून गेली आणि आरशाचा चुरा झाला. ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. शेजारच्या सतीशने सांगितलं, तोही घाबरत घाबरत. मी म्हटलं, या घरात एक ती तरी राहील नाहीतर मी. तुम्ही पेपर खाली न ठेवता म्हणालात, 'जा.'

गेले. अनुयाने तिकीट काढलं. नव्वद दिवसांचा व्हिसा आहे, २८ ऑगस्टचं परतीचं तिकीट आहे. ते वापरायचं की नाही ते मला अजून ठरवायचंय.

इथे आयर्लंडात रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे देवापाशी दिवा कधी लावायचा तेच कळत नाही. अनुया सकाळी सातला ब्लँचर्डस्टाउनच्या ऑफिसला जाते, जावई रोहित घरून काम करतो. तुमची नात सानिका आठ वर्षांची झाली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. भूक लागली का, तर 'ग्रँड', म्हणजे इथलं 'ठीक आहे'. पडलीस का, तरी 'ग्रँड'. मी इथे आलेय की कुठून गेलेय, तेच मला सकाळी उठल्यावर दोन मिनिटं समजत नाही.

ब्लडप्रेशरची गोळी रात्रीची आहे, सकाळची नाही.

प्रमोदिनी


ड्रोहेडा, २६ जून २०१६

अहो,

तुमचं उत्तर नाही. पण तुमच्या बातम्या मला मिळतात, आणि त्या मिळून माझं डोकं फिरायची वेळ आलीय.

सोमवारी शेजारच्या प्रभाचा फोन आला. म्हणाली, काका रोज सकाळी मोटरसायकल घेऊन फाटकाबाहेर जातात, दीड-दोन तासांनी येतात. मी दिवसभर जेवले नाही. मग तुमच्या बहिणीला पुण्याला फोन केला. सुलेखावन्सं म्हणाल्या, काहीतरीच काय, मी परवाच दोन दिवस राहून आले, गाडी कव्हर घालून जिन्याखाली उभी आहे, दादाने ती सुरूसुद्धा केली नाही. आता प्रभा खोटं बोलणार नाही आणि वन्सं खोटं बोलल्या तर त्या तुमच्या बाजूने बोलतील हे खरं, पण त्यांना इतकं सरळ तोंड करून खोटं बोलता येत नाही. मग खरं काय? तुम्ही चालवताय की नाही? एका ओळीचं उत्तर द्या. हो किंवा नाही, एवढंच.

इथेही सगळे गोंधळलेले आहेत. परवा पलीकडे इंग्लंडात मतदान झालं, ते युरोपातून बाहेर पडणार म्हणे. रोहित सकाळपासून टीव्हीसमोर. मी विचारलं, आपल्याला काय त्याचं? तर म्हणाला, 'आई, इथून तासाभरावर ब्रिटनची बॉर्डर आहे. तिचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नाही.' ज्यांनी मत दिलं त्यांनाही नाही. मला जरा बरं वाटलं.

त्या बॉर्डरच्या पलीकडे बेलफास्ट. म्हणजे तुमचं बेलफास्ट. सानिकाची शाळा सुटतेय आणि रोहितने परस्पर ठरवलंय की मला तिथे न्यायचं. तिथे एक जुनी लढाऊ बोट याच महिन्यात लोकांना बघायला उघडलीय. 'बाबा जिथून विक्रांत घेऊन आले ते बंदर बघाल, आई.' मी म्हटलं, मला काही बघायचं नाही. सत्तेचाळीस वर्षं बघतेय.

का बघायचं नाही, ते अनुयाला सांगता येत नाही. तुम्हाला सांगते, तुम्ही कधी विचारलं नाहीत तरी. एकाहत्तरच्या डिसेंबरात मला सातवा महिना होता. खिडक्यांना काळे कागद. विक्रांत कुठल्या समुद्रात आहे ते कुणाला माहीत नाही, माहीत असलं तरी सांगायचं नाही. खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी येऊन सांगितलं की शत्रूच्या रेडिओवर बोट बुडाल्याचं म्हणताहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी मला कळा सुरू झाल्या. मुलगा होता. तुम्ही जानेवारीत आलात, मला म्हणालात, 'होतं असं.' आणि मग आठ दिवस येईल त्या माणसाला चितगावच्या लढाईची गोष्ट सांगत बसलात, एक बॉयलर तडकलेला असताना बोट कशी पळवली ते.

बोटीचं म्यूझियम झाल्यावर तुम्ही अकरा वर्षं तिथे लोकांना तीच गोष्ट सांगितलीत, फुकट, उन्हात उभं राहून. मी एकदा मागे उभी राहून ऐकली होती. तुम्हाला माहीत नसेल. छान सांगता तुम्ही. डिसेंबरचा एकेक दिवस होता त्यात. माझा नव्हता.

मग गंज लागून ते बंद झालं, मग लिलाव, मग कोर्ट, आणि दारूखान्याच्या किनाऱ्यावर तिला कापायला घेतलं. तुम्ही रोज जाऊन धक्क्यावर उभे राहायचात आणि डोळे लाल करून घरी यायचात. मला तेव्हा काय वाटायचं? सुटले असं वाटायचं. आणि तुमच्याकडे बघून तुमच्याइतकंच वाईट वाटायचं. दोन्ही एकदम वाटायचं, आणि यातलं खरं कुठलं ते मला आजही सांगता येत नाही.

एका ओळीचं उत्तर. विसरू नका.

प्रमोदिनी


ड्रोहेडा, १० जुलै २०१६

अहो,

जाऊन आले. काल गेलो होतो.

आधी रोहितने माझ्या व्हिसावरचं बारीक अक्षर दोनदा वाचलं, कारण बेलफास्ट हा दुसरा देश. दोन देश म्हटल्यावर मी पासपोर्ट हातातच धरून बसले होते. तास झाला आणि रोहित म्हणाला, 'आई, ही बॉर्डर.' मी बघते तर गाई चरताहेत. पोलीस नाही, फाटक नाही, बॉर्डर म्हणून पाटी नाही. फक्त पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल आले आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले. मी पासपोर्ट पर्समध्ये ठेवून दिला. बेलफास्टमध्ये मात्र दिव्याच्या खांबाखांबावर इंग्रजांचे झेंडे. बारा तारखेला इंग्रजांच्या बाजूच्या लोकांची मोठी मिरवणूक असते. पुढच्याच गल्लीत तसला एकही झेंडा नाही. आपण नेमके कुणाच्या गावात आहोत, असं मी अनुयाला विचारलं तर ती म्हणाली, 'हळू बोल.' मराठीत बोलत होते तरी.

तुमचं बंदर बघितलं. पिवळ्या रंगाच्या दोन अवाढव्य क्रेन आहेत, त्या तुमच्या वेळी नसाव्यात. वारा असा की जुलै महिन्यात मी स्वेटरवर शाल घेतली. 'बेलफास्टला मला कधी थंडी वाजली नाही' असं जे तुम्ही आजवर सांगत आलात, ते मी आता मानत नाही.

बोटीचं नाव कॅरोलाइन. शंभर वर्षांची. पहिल्या महायुद्धातल्या एका मोठ्या समुद्री लढाईत होती, त्या लढाईतली ही एकटीच उरलीय म्हणे. पुढे तिचं ऑफिस केलं, पोरांना शिकवायला वापरली, आणि आता रंग देऊन, पितळ घासून अशी ठेवलीय की कालच पाण्यात सोडली असं वाटावं. तुमच्या विक्रांतपुढे होडीच. आमच्या सानिकाला तिथे शिट्टी वाजवायला मिळाली म्हणून ती खूश.

एक वेडेपणा झाला. बोटीवर चढायच्या फळीपाशी आले आणि मी चपला काढल्या. वाकून त्या फळीला हात लावला आणि कपाळाला लावला. विचार करून नव्हे, आपोआप. मुंबईत गावाकडून आलेली माणसं तसंच करायची, आणि तुम्ही ओरडायचात, 'देऊळ नाही हे, पायांत घाला, पोळतील.' मी स्वतः तुमच्या बोटीवर तसं कधी केलं नव्हतं. दोन वेळा आले, दोन्ही वेळा चपला घालून टाकटाक आवाज करत आले. आणि इथे या परक्या बोटीपुढे मी पायमोज्यांवर उभी. माझं बघून सानिकानेही बूट काढले. अनुया लाजेने लाल. मागच्या गोऱ्या बाईला वाटलं मला चक्कर येतेय, ती मला धरायला आली.

तिथे माहिती सांगायला एक म्हातारा होता, डेसी नावाचा. तो चपलांकडे बघून हसला नाही. कुठून आलात, म्हणाला. मुंबई म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला. पोरगा असताना त्याच गोदीत तो उमेदवारी करत होता, आणि त्याने तुमच्या विक्रांतवर काम केलंय, अहो. तो तिला तिच्या जुन्या इंग्रजी नावाने, हर्क्युलिस म्हणतो. इंग्रजांनी लढाईसाठी बांधायला घेतली, लढाई संपली, ती अर्धवट पडून राहिली, मग आपण विकत घेतली, हे सगळं तो तुमच्यासारखंच सांगतो, हातवारेसुद्धा तसेच. आपली पोरं त्याला आठवतात. ढगळ कोट घातलेली, नाक लाल झालेली. त्यांच्यातल्या एकाने त्याला दूध, साखर, पत्ती सगळं एकाच भांड्यात उकळून चहा करायला शिकवला आणि त्याच्या आईने ते भांडं फेकून दिलं. ते तुम्ही होता का?

बोट आता कशी आहे वगैरे त्याने विचारलं. मी आपलं काहीबाही सांगितलं. त्याचं बोलणं मला निम्मंच कळत होतं.

मी विचारलेल्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

प्रमोदिनी


ड्रोहेडा, १७ जुलै २०१६

अहो,

हे पत्र आधी वाचा, मागची नंतर वाचलीत तरी चालेल.

काहीबाही सांगितलं असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. मी त्याला नीट, ठरवल्यासारखं खोटं सांगितलं.

झालं असं. त्याने विचारलं, 'कुठे आहे ती आता?' अनुया तोंड उघडणार, तेवढ्यात मीच बोलले. आयुष्यात इतकं इंग्रजी मी एका दमात बोलले नव्हते. म्हटलं, मुंबईत आहे. म्यूझियम आहे. रोज माणसं येतात, शाळेची पोरं येतात. रंग नवा आहे. माझे मिस्टर स्वतः दाखवतात. अनुया माझ्याकडे बघतच राहिली. डेसीने माझा हात दोन्ही हातांत घेतला. म्हणाला, 'तुम्ही तिला ठेवलीत. बरं केलंत. आम्ही या गावात किती बांधल्या, आणि ठेवली ही एक छोटी.' त्याचे डोळे भरले होते, आणि मग माझेही. मला काय झालं होतं कोण जाणे.

आणि मग त्याने पत्ता मागितला. तुमच्याशी पत्रव्यवहार करायचाय म्हणाला. मी दिला. काय करणार, आधी एवढं बोलून बसले होते, आता पत्ता नाही कसं म्हणू? अनुयाने तो त्याच्या वहीत इंग्रजीत व्यवस्थित लिहून दिला, पिनकोडसकट. गाडीत बसल्यावर मग मला बोल बोल बोलली. 'आई, त्याने नेटवर बघितलं तर एका मिनिटात कळेल त्याला. बाबा त्याला खरं लिहून मोकळे होतील. तुला हे करायची गरज काय होती?' मला सांगता येईना. मला ते तुम्हालाही सांगता येत नाही. ती मोडली तेव्हा सुटले म्हणणारी मी, आणि ती मोडली हे एका अनोळखी माणसाला सांगताना जीभ वळत नाही, याला काय म्हणायचं? तुम्ही बोटीवर होता, तुमचं कळण्यासारखं आहे. मी तर तिला सवत म्हणत आले.

मी स्वतःला बरेच दिवस विचारतेय. एकच सुचतं, आणि तेही बरोबर आहे की नाही देव जाणे. तो म्हातारा तिच्याबद्दल बोलत होता तेव्हा मला वाटलं, हा माझ्या घरातल्या माणसाबद्दल विचारतोय. बरंवाईट कसंही असलं तरी घरातलं माणूस गेल्याचं असं फळीवर उभं राहून सांगतात का?

तर आता माझं एक ऐका. मी तुमच्याकडे आजवर फार काही मागितलेलं नाही, हे तुम्हीही कबूल कराल. त्याचं पत्र आलं तर खरं लिहू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. पेपरात तोफांची संख्या एकने चुकली तर संपादकाला पत्र लिहिणारे तुम्ही. पण त्याला लिहा की बोट आहे, बरी आहे. निदान उत्तर देऊ नका. तुम्हाला पत्राला उत्तर न द्यायची सवय आहेच.

प्रमोदिनी


ड्रोहेडा, ७ ऑगस्ट २०१६

अहो,

नाहीच उत्तर.

काल अनुया आणि रोहित माझ्यासमोर बसले. मला अजून इथे ठेवता येईल का, यासाठी वकिलाला विचारणार आहेत. रोहित गरीब माणूस, तो म्हणाला, 'आई, तुम्ही असलात की घर भरल्यासारखं वाटतं.' अनुया स्पष्ट बोलली. म्हणाली, तिथे तू बाबांची काळजी करत बसणार आणि बाबा स्वतःच्या मनाचं करणार. एक दिवस फोन येईल की बाबांना ट्रकने उडवलं. तो फोन तू तिथे घेण्यापेक्षा इथे माझ्याशेजारी घे.

मला तिच्यावर रागावता येईना, कारण हेच मी तुम्हाला मार्चमध्ये ओरडून सांगितलं होतं. पण तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते खरंच होईल असं वाटलं. इथे राहिले तर तुम्हाला काही होईल तेव्हा मी जवळ नसेन. आले तर ते होताना डोळ्यांनी बघायचं. एकदा बातमीची वाट बघत काळ्या कागदाच्या खिडकीत बसून झालंय माझं, आता या वयात परत ते जमणार नाही. मग कुठे बसू, ते तुम्हीच सांगा.

वकिलाला विचारायला मी 'हो' म्हटलंय. 'नाही' म्हणायला काही कारण दिलं नाहीत तुम्ही.

प्रभाचा फोन परवाही आला होता. रोज जाताहेत म्हणाली.

प्रमोदिनी


ड्रोहेडा, २१ ऑगस्ट २०१६

अहो,

तुमचं पत्र काल आलं. पोस्टमन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. तशीच बागेत जाऊन वाचलं, मग आत येऊन वाचलं, मग अनुयाला अर्धं वाचून दाखवलं आणि शेवटच्या चार ओळी झाकून पुढचं तिला वाचायला दिलं. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, एका रेघेत, परेडला उभं केल्यासारखं.

तर डेसीने तुम्हाला पत्र लिहिलंच, आणि त्याला आधीच माहीत होतं. दोन वर्षांपूर्वीच त्याने पेपरात वाचलं होतं की ती मोडीत गेली. तुम्ही त्याचं वाक्य मराठी करून लिहिलंय, ते मला पाठ झालंय: 'तुमची मिसेस बूट काढून उभी होती आणि सांगत होती की बोट आहे. मला वाटलं, हिच्यापुरती तरी ती असणार, मग मी कोण नाही म्हणणारा?' मी इतकी शरमले की सानिकाने विचारलं, आजी, आर यू ओके? मी म्हटलं, ग्रँड.

आणि तुम्ही. मी खोटं लिहा म्हटलं आणि तुम्ही लिहिलंत. त्याला माहीत आहे हे कळूनसुद्धा लिहिलंत. दोन पानं. रविवारी किती गर्दी होती, मागचा डेक कसा रंगवून घेतला. पुढे लिहिता, 'प्रमोदिनी, मी जन्मात पहिल्यांदा खोटा रिपोर्ट दिला आणि तो लिहिताना मला फार बरं वाटलं. तू तिच्याबद्दल चांगलं बोललीस हे मला एका आयरिश माणसाकडून कळावं, याचं थोडं वाईट वाटलं.' चहावाला तुम्ही नव्हता, तो तुमचा मित्र सुभाष, तोही आता नाही, हेही कळलं. थंडी वाजायची, हेही कबूल केलंत. पंचावन्न वर्षांनी.

मोटरसायकलचं वाचलं. एका ओळीचं उत्तर मागितलं होतं, तुम्ही पानभर दिलंत. म्हणजे प्रभाही खरी आणि वन्संही खऱ्या. मी गेल्या दिवसापासून तुम्ही ती सुरू केलेली नाही. रोज सकाळी कव्हर काढून हाताने ढकलत धक्क्यापर्यंत नेता, तिथे थोडं थांबता आणि ढकलत परत आणता. 'तू म्हणालीस तेच बरोबर होतं. मागून काय येतं ते मला ऐकू येत नाही. बस घासून गेली तेव्हा मी घाबरलो होतो. तुला सांगितलं असतं तर तू विकायला लावली असतीस, आणि विकायची म्हणजे मग काहीच उरत नाही.' अहो, एवढं मार्चमध्ये बोलला असता तर मी तीन महिने इथे कशाला काढले असते? या वयात एवढं धूड ढकलत नेता, रस्त्यावरची माणसं काय म्हणत असतील?

आता राहिलं ते एकच, ज्याच्यावर तुम्ही शेवटी चार ओळी लिहिल्यात. मी त्या अनुयाला वाचू दिल्या नाहीत. 'होतं असं म्हणालो, कारण दुसरं काही म्हणायला गेलो असतो तर मला तुझ्यासमोर उभं राहता आलं नसतं. लोकांना चितगावचं सांगत राहिलो, कारण ते सांगता येत होतं. बाळाचं सांगता येत नव्हतं. तू मागे उभी राहून ऐकत होतीस ते मला त्या दिवशी दिसलं होतं. तू असताना मला पुढचं आठवेना.' हे वाचून मी खूप रडले. राग गेला का? सगळा नाही. थोडा आहे अजून, आणि तो तुमच्यासमोर बसून काढायचा आहे. पत्रातून काढायला मला आता कंटाळा आलाय.

वकिलाला नको म्हणून सांगितलं. अनुया चिडली, मग गळ्यात पडली. डिसेंबरात ती सानिकाला घेऊन येतेय. डेसीला मी आजच चार ओळी लिहिल्या, अनुयाकडून इंग्रजी नीट करून घेऊन. खरं लिहिलं. तुम्ही खोटं लिहिलंत, मी खरं लिहिलं, त्याला काय घ्यायचं ते तो घेईल.

२८ ला निघते, २९ ला पोचते. विमानतळावर टॅक्सीने या. मोटरसायकल ढकलत येऊ नका.

आणि ती विकायची नाही. मी पूर्ण विचार करून सांगतेय. अनुयाला यातलं काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असतात तेव्हा, तुम्ही ती सुरू करायची. मी मागे बसणार. तुम्हाला मागचं ऐकू येत नाही, मला येतं. डावीकडून गाडी आली तर मी डाव्या खांद्यावर थाप मारीन, उजवीकडून आली तर उजव्या. आधी दारूखान्यावर न्या. तिला कुठे मोडली ती जागा मी कधी बघितली नाही, तुम्ही कितीदा चल म्हणालात तरी आले नाही. ती मला दाखवा आणि तिथे उभं राहून तुमची ती डिसेंबरची गोष्ट मला पहिल्यापासून सांगा, माझा दिवस येईल तिथे थांबा, तो मी सांगीन.

दोन्ही खांदे एकदम दाबले की गाडी थांबवायची. का म्हणून विचारायचं नाही.

तुमची
प्रमोदिनी